दोन दारांची गाडी

दीपमालाला गाडी चालवायला आवडतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. किती आवडतं, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

ती जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत होती. कपाशीचे, मक्याचे चाचणीचे प्लॉट बघायला तिला सारखं तालुक्या-तालुक्यांतून फिरावं लागे. कंपनीनं जीप दिली होती, सोबत ड्रायव्हरही दिला होता. दीपमाला ड्रायव्हरला शेजारी बसवायची आणि स्वतः चालवायची. तो बिचारा खिडकीला डोकं टेकवून अंबडपर्यंत निवांत झोपायचा. घरी आल्यावर तिच्या वाट्याला यायची ती सात माणसांची, डिझेलवर चालणारी, म्हशीसारखी शांत गाडी. ही गाडी पसंत केली होती भारतनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं. भारत हायस्कुलात गणित शिकवायचा आणि गाडीबद्दलचं त्याचं गणित सोपं होतं. माणसं बसली पाहिजेत, सामान मावलं पाहिजे, आणि आईला चढता-उतरता आलं पाहिजे. वेगाचं नाव काढलं तरी तो दाराच्या वरची मूठ धरायचा. गाडी अंगणात उभी असली तरी.

एका शनिवारी दीपमाला जुन्या जालन्यात कापड घ्यायला गेली होती. दुकानातून बाहेर पडते तर बोळात ही गर्दी! हॉर्नवर हॉर्न चाललेले. एक लाल, बुटकी, दोन दारांची गाडी बोळाच्या मधोमध अडकून बसली होती. पुढं ज्वारीच्या पोत्यांचा हातगाडा, मागं तीन ऑटो, आणि डाव्या दाराला जवळजवळ चिकटून एक मोटारसायकल. चालवणारा तरुण घामानं भिजला होता. मागच्या चिंचोळ्या सीटवर त्याची बायको दोन मांड्यांवर दोन तान्ही लेकरं घेऊन बसली होती आणि दोन्ही लेकरं टिपेला पोचली होती.

"भाऊ, मागं घ्या ना," ऑटोवाला ओरडला.

"मागचं दिसतच नाहीये हो!" तरुण रडवेला झाला होता.

दीपमालानं पिशवी दुकानाच्या पायरीवर ठेवली, ऑटोवाल्यांना हातानंच मागं सरकवलं आणि तरुणाला म्हणाली, "तुम्ही उतरा. मागं उभं राहून मला हात दाखवा. मी काढते."

तो इतका थकला होता की कोण, कुठल्या, काहीही न विचारता उतरला. दीपमाला आत शिरली. आत शिरली म्हणजे खाली बसली. जमिनीवर मांडी घालावी तशी. तिनं पायानं हलकंच चाचपलं आणि गाडी मांजरासारखी गुरगुरली. वळण घेत, आरसा बघत, गाडीच्या अंगाला कुठं खरचटूही न देता तिनं ती लाल वस्तू बोळातून उलटी बाहेर काढली आणि मोठ्या रस्त्यावर आणून उभी केली. मागून ऑटोवाल्यांनी शिट्ट्या वाजवल्या.

तरुण धावत आला. पण त्याच्या आधी मागच्या सीटवरून आवाज आला, "शौनक, ही गाडी विक. आजच्या आज."

"गंधाली, अगं, लोकांसमोर..."

"लोकांसमोरच सांगते. मला इथून बाहेर पडायला आधी पुढची सीट वाकवावी लागते. एक पोर तुला द्यावं लागतं. मग दुसरं कुणाला द्यायचं? हातगाडीवाल्याला?"

दीपमालाचे हात अजून स्टिअरिंगवरच होते. ते तिथून निघायला तयार नव्हते.

"मी घेते," ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिला कळलं की हे आपणच बोललो.

---

"दोन दारं?" भारत जेवताना घास हातात धरूनच थांबला. "आईला मागं कुठून चढवायचं? डिक्कीतून?"

"आपल्या गाडीचं काम निघालंय म्हणून बदलायचीच होती ना?"

"बदलायची म्हणजे तशीच दुसरी घ्यायची. दीपा, आपण चार माणसं. महिन्यातून एकदा मंठ्याकडं जाणं. जाताना सहा पिशव्या, येताना दहा."

दीपमालानं भाजीचं भांडं त्याच्याकडं सरकवलं. आपल्या एकटीसाठी काही मागायची तिला सवय नव्हती. घरात जे आलं ते पायलच्या शाळेसाठी, आईंच्या गुडघ्यांसाठी, नाहीतर पाहुण्यांसाठी. आपण बोललो तेच चुकलं की काय, असं तिला वाटायला लागलं.

पायल मात्र ताटावरून उठलीच. "लाल आहे? मम्मी, खरंच लाल?"

भारतची आई, बेबीनंदाबाई, इतका वेळ भाकरी कुस्करत होत्या. जन्मभर रोजंदारीनं शेतात राबलेल्या, आता लेकाकडं राहणाऱ्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "न बघता न्हाई कसं म्हणायचं? पोरगी बघायला गेल्यावर बी आधी च्या पेतेत, मंग न्हाई म्हणतेत."

मग रविवारी सगळे शौनककडं गेले. तो दातांचा डॉक्टर होता, आईवडिलांसोबत राहायचा. त्याचे वडील भालचंद्रराव बँकेतून निवृत्त झालेले, नेटके गृहस्थ. भारतचा पडलेला चेहरा आणि दीपमालाचा उजळलेला चेहरा त्यांनी एकाच नजरेत बघितला.

"असं करू या का," ते म्हणाले, "आठ दिवस तुम्ही ही न्या, तुमची आम्हाला द्या. वापरून बघा. लग्नासारखं आहे हे, नुसतं बघून कळत नाही."

गंधालीनं तेवढ्यात सात माणसांच्या गाडीचं मागचं दार उघडून दोन्ही पोरं आत निजवलीसुद्धा होती. त्यामुळं या प्रस्तावावर फार चर्चा झाली नाही.

---

पहिल्याच दिवशी एक गोष्ट ठरून गेली. बेबीनंदाबाईंना मागं चढवणं शक्यच नव्हतं, म्हणून त्या पुढं बसल्या. बसल्या त्या बसल्याच. उतरताना दोघांनी दोन हात धरून ओढावं लागे, पण पुढची जागा त्यांनी सोडली नाही.

"आजी, आता मी पुढं," पायल म्हणाली.

"तू लई पुढं बसशील बाई. माझा जलम बैलगाडीत मागं अन् टेम्पोत सामानावर गेला. मला बसू दे."

मागच्या सीटवर भारत आणि पायल. भारत उंच. त्याचे गुडघे हनुवटीला टेकायचे आणि प्रत्येक खड्ड्याला डोकं टपाला लागायचं. तरी तो कुरकुरला नाही. कुरकुरायला तोंड उघडायचं म्हणजे जीभ चावायची भीती होती.

बुधवारी सकाळी दीपमाला सासूला घेऊन समृद्धी महामार्गावर गेली. टोलनाका ओलांडला, समोर रुंद, मोकळा रस्ता पसरला, आणि तिनं गाडीला जरा मोकळं सोडलं. इंजिनाचा आवाज बदलला. पाठ सीटला चिकटली. कडेची शेतं, पवनचक्कीची पाती, लांबचे डोंगर, सगळं मागं सरकायला लागलं. गाडी इतकी हातात होती की मनात आलं आणि वळली. दीपमालानं धास्तावून शेजारी बघितलं. बेबीनंदाबाईंनी पदर दातात धरला होता, डोळे टक्क उघडे.

"आई, हळू घेऊ?"

"हळू कशापायी?" पदर सुटला. "अजून पळव की!"

"पाटीवर लिहिलंय तेवढाच वेग घेता येतो."

"मंग पाटी बदलाय सांग त्यायला!"

दोघी इतक्या हसल्या की दीपमालाला खरंच वेग कमी करावा लागला. लग्न होऊन बारा-तेरा वर्षं झाली, पण सासूबरोबर इतकं मोकळं हसल्याचं तिला आठवेना. घरी येईपर्यंत तिनं मनाशी पक्कं केलं होतं. हीच गाडी.

---

येत्या रविवारी बेबीनंदाबाईंच्या धाकट्या भावाच्या, अप्पारावांच्या नव्या घराचा गृहप्रवेश होता. गाव मंठ्याच्या पलीकडं, आडवळणाला. भंतेजी येणार होते, बुद्धवंदना होती, मग जेवणं. भावाच्या नव्या घराला काय द्यायचं, हे बेबीनंदाबाईंनी दोन महिन्यांपूर्वीच ठरवलं होतं. धान्य ठेवायची कोठी. चकचकीत पत्र्याची, झाकणाची, पायलच्या उंचीची.

रविवारी सकाळी कोठी गाडीसमोर उभी केली आणि सगळ्यांना एकदमच उमगलं. डिक्कीत कोठीचं फक्त झाकण गेलं.

"टपावर बांधू," पायल म्हणाली.

"टप शौनकचा आहे अजून," दीपमाला म्हणाली.

भारतनं कोठीकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, आणि सुस्कारा सोडला. "मी कोठी घेऊन एसटीनं जातो. आत्ताची बस बराबर मिळेल. तुम्ही मागून या. तुमची काय, पळणारी गाडी."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच दीपमालाला लागलं. ऑटोत कोठी उभी करून, तिला कवेत धरून नवरा बसस्टँडकडं निघाला, तेव्हा तिला हात हलवून निरोप द्यायचंही सुचलं नाही.

पण एकदा रस्त्याला लागल्यावर मनावरचं ओझं उडून गेलं. वाटूरच्या अलीकडं त्यांनी एसटीला गाठलं. पायलनं आजीच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढायचा प्रयत्न केला आणि दीपमालानं तिला दटावून आत बसवलं. मग तिनं काचेला नाक लावून पप्पाला वाकुल्या दाखवल्या. बसच्या खिडकीत भारत शेजारच्या म्हाताऱ्याशी बोलत होता. त्यानं हात केला. गाडी झपकन पुढं निघून गेली.

मंठ्याच्या पुढं आत वळल्यावर रस्ता अरुंद झाला आणि पहिलं गाव आलं. गावाच्या वेशीलाच गतिरोधक होता. गतिरोधक कसला, बांधच तो; गावकऱ्यांनी स्वतःच मुरूम टाकून केलेला. दीपमालानं गाडी तिरपी घातली, अगदी मुंगीच्या पावलानं. खरर्रर! गाडीचं पोट घासलं. तो आवाज तिच्या दातांतून गेला.

"उतरा," ती म्हणाली. "वजन कमी केलं तर निघेल."

बेबीनंदाबाईंना उतरवणं हेच एक काम होतं. कपाशी वेचायला निघालेल्या दोन बाया थांबल्या, एकीनं हात धरला, दुसरीनं कंबर.

"मावशी, खड्ड्यात बसल्यावानी काय बसलात?" एक म्हणाली.

"गाडीच खड्ड्यात हाय बाई. ओढ, जल्दी ओढ."

रिकामी गाडी बांधावरून निघाली. बेबीनंदाबाई पुन्हा बसल्या. हाकेच्या अंतरावर शाळा होती. शाळेपुढं दुसरा बांध. पुन्हा उतरणं, पुन्हा ओढणं. ग्रामपंचायतीपुढं तिसरा. तिथं मात्र बेबीनंदाबाईंनी हात जोडले.

"दीपा, तू आन तिला सावकाश. म्या आन् पायल चालत पुढं होतो."

अशी वरात निघाली. पुढं आजी आणि नात, मागून कासवाच्या चालीनं लाल गाडी, तिच्यामागं गावातलं एक कुत्रं. आणि बरोबर तेव्हा मागून पों पों करत एसटी आली. दीपमालानं गाडी कडेला घेतली. एसटीनं बांध असा ओलांडला की जणू वाटेत चपाती पडली होती. खिडकीतून भारतचं डोकं बाहेर आलं.

"आई! चालत का निघालीस?"

"गाडीला दम लागला!" बेबीनंदाबाई ओरडल्या.

अख्खी बस हसली. दीपमालाला आधी रडू येईल असं वाटलं. पण खिडकीत भारतचं डोकं आणि त्याच्या मागं सीटवर पाहुण्यासारखी बसलेली कोठी दिसली, आणि तीही हसत सुटली.

गावाच्या फाट्याला पोचल्या तेव्हा भारत कोठीवर बसून गरम भजी खात होता. पुढचा रस्ता खडीचा होता. चहाच्या टपरीवाल्याच्या भरवशावर गाडी लिंबाखाली ठेवली आणि अप्पारावांनी पाठवलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सगळे चढले. कोठीला आधी जागा मिळाली.

गृहप्रवेश छान झाला. नव्या भिंतींना अजून चुन्याचा वास होता. वंदना म्हणताना बेबीनंदाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता. जेवणं झाल्यावर अप्पारावांनी बहिणीला सोडायला साफ नकार दिला. "चार दिवस ऱ्हाऊ द्या आक्काला. न्हाईतरी जाताना पुन्हा चालतच न्यायचं ना तिला?"

---

म्हणून परतताना पहिल्यांदाच भारत पुढं बसला. पायल मागं आडवी होऊन झोपली. ते तीन बांध त्यांनी दोघांनी मिळून पार केले. दर वेळी भारत उतरायचा, वाकून गाडीच्या पोटाखाली बघायचा आणि "डावीकडं, अजून, बस्स, ये," असं म्हणायचा. मंठ्याला मोठा रस्ता लागला. ऊन कलतीला आलं होतं.

गाडी पळायला लागली. सवयीनं भारतनं वरची मूठ शोधली. या गाडीला मूठच नव्हती. त्याचा हात थोडा वेळ टपाशी चाचपडला आणि मांडीवर येऊन पडला. मग धरायला काही नसल्यानं तो इकडंतिकडं बघायला लागला, आणि बघता बघता बायकोकडं बघायला लागला.

"तू गाणं म्हणतेस?" त्यानं विचारलं.

"कुठं?"

"आत्ता म्हणत होतीस. गुणगुणत."

"चालवताना म्हणतेच मी. नेहमीच."

"मला कधी ऐकू नाही आलं."

"तुम्ही डोळे मिटून मूठ धरून बसलेले असता. ऐकू काय येणार?"

भारत हसला. एक ट्रक मागं पडला. गाडी पुन्हा आपल्या लेनमध्ये आली, पाण्यात मासा वळावा तशी. त्याला भीती वाटली नाही, याचं त्यालाच नवल वाटलं.

"भारत," दीपमाला म्हणाली. एरवी ती 'अहो' म्हणायची. नावानं हाक मारली की काहीतरी महत्त्वाचं असायचं. "ही परत देऊ या. मी पळणाऱ्या गाडीत आणि तुम्ही कोठी धरून एसटीत, हे मला नाही जमायचं. सकाळपासून डोळ्यांसमोरून जात नाहीये."

"एसटीत मजा आली मला," तो म्हणाला. "पण परत द्यायची हे बराबर." जरा थांबून म्हणाला, "मात्र तसली म्हैस पण पुन्हा नाही घ्यायची."

तिनं चमकून बघितलं.

"समोर बघ, समोर! दीपा, मी गाडी घेताना नेहमी बसणाऱ्यांचा हिशेब केला. चालवणारी कधी धरलीच नाही. एवढं मोठं माणूस राहूनच गेलं."

दीपमालानं गाडीचा वेग कमी केला, कारण समोरचा रस्ता जरा धूसर झाला होता. वाटूरला थांबून दोघांनी उभ्या-उभ्या चहा घेतला, आणि कसली गाडी हवी यावर इतकं भांडले की चहावाल्यानं विचारलं, "दुकान टाकून राह्यले का गाड्यांचं?"

---

गाडी परत द्यायला गेले तेव्हा शौनकच्या अंगणात त्यांची जुनी गाडी उभी होती. आत दोन्ही पोरं गाढ झोपली होती आणि गंधाली मागच्या सीटवर पाय पसरून मासिक वाचत होती.

"ही मी देणार नाही," तिनं काच खाली करून सांगितलं. "काम निघालंय ते आम्ही करून घेऊ."

"तर ती आम्ही घेतो तुमच्याकडून," शौनक म्हणाला आणि लाल गाडीकडं बघून त्याचा चेहरा एकदम बारीक झाला. "म्हणजे हिला दुसरं गिऱ्हाईक बघायला हवं."

ओसरीवर भालचंद्ररावांनी घसा खाकरला. मग पुन्हा खाकरला.

"तुम्ही बोलताय की मी बोलू?" आतून त्यांच्या पत्नी उमाताई बाहेर आल्या. "अहो, यांना ही गाडी पहिल्या दिवसापासून हवी आहे. मुलाची म्हणून हात लावत नव्हते. आठ दिवस ती अंगणात नाही, तर जेवणावर लक्ष नाही यांचं."

"बाबा? तुम्ही?" शौनक बघतच राहिला.

"का?" भालचंद्रराव लाल झाले, गाडीपेक्षा थोडे कमी. "आम्ही दोघंच. दारं दोन. मागं कुणाला बसवायचं नाही. जांब समर्थला जायचं तर एक पिशवी आणि एक पाण्याची बाटली. आणि तुझी आई योगासनं करते, ती खाली बसूही शकते, उठूही शकते."

"आणि मला कधी चालवावीशी वाटली तर?" शौनकनं विचारलं.

"माग," भालचंद्रराव म्हणाले. "विचार करून सांगेन."

---

पुढच्या महिन्यात भारत आणि दीपमाला शोरूमच्या पायऱ्या झिजवत राहिले. भारतची परीक्षा वेगळी, दीपमालाची वेगळी. भारत आईला मागच्या सीटवर बसवायचा, उठवायचा, पुन्हा बसवायचा. डिक्कीत हात घालून मापं घ्यायचा. गाडीखाली वाकून पोट जमिनीपासून किती वर आहे ते बघायचा. मग दीपमाला चालवून बघायची, आणि परत आली की भारत गाडीकडं नाही, तिच्या तोंडाकडं बघायचा.

"गुणगुणलीस?"

"नाही."

"मंग पुढची."

अखेर एका गाडीत जमलं. चार दारं, लांब डिक्की, पोट उंच. पण इंजिन असं की पायाखाली वीज ठेवल्यासारखं. शोरूमचा सुमित नावाचा मुलगा शेजारी बसून वैशिष्ट्यं सांगत होता. बायपासवर दीपमालानं गाडीला जरा मोकळं सोडलं, तशी त्याची वैशिष्ट्यं मधेच थांबली. परत आल्यावर तो पाणी प्यायला आत गेला तो लवकर बाहेर आला नाही.

"मम्मी अख्खं गाणं म्हणली!" मागच्या सीटवरून पायलनं जाहीर केलं. "दोन्ही कडवी!"

"रंग कोणता सांगू, सर?" सुमितनं बाहेर येऊन विचारलं.

भारतनं तोंड उघडलं, पण बेबीनंदाबाईंनी त्याला हातानं गप्प केलं. "निळा," त्या म्हणाल्या. "अन् पुढची सीट माझी हाय, हे बी लिहून घे."

गाडी आली. आता रविवारी सकाळी लवकर दीपमाला तासभर एकटीच समृद्धीवर जाऊन येते. पहिल्यांदा जाताना तिला अपराधी वाटलं होतं. घरात सगळे असताना आपण एकटीच कुठं निघालो, असं. भारतनंच तिला दारापर्यंत पोचवलं आणि सांगितलं, "जा. पोहे मी करून ठेवतो."

चौथ्या रविवारी ती किल्ली घेऊन बाहेर आली तर भारत बूट घालून गाडीपाशी उभा.

"पोहे?" तिनं विचारलं.

"आई करून राह्यली. म्हणाली, तू जा." तो दार उघडून शेजारी बसला, पट्टा लावला, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. "चल. पण पाटीवर लिहिलंय तेवढाच."

दीपमालानं गाडी गेटाबाहेर काढली.